दिपोटी आले!

सांगलीच्या खणभागातला कोणी जुना माणूस भेटला आणि मी पूर्वी कुठे राहत होतो हे त्याला सांगितले, की तो हटकून हसतो. "म्हणजे त्या खुळ्या दिपोटींच्या घरात?" असे विचारतो आणि तोंडाभोवती हातांचा कर्णा करून ओरडून दाखवतो, "दिपोटी आले! दिपोटी आले हो!" मीही थोडासा हसतो. न हसण्याचे कारण सांगायचे झाले तर पुष्कळ सांगावे लागेल, आणि रस्त्यात उभ्या उभ्या ते सांगता येण्यासारखे नाही.

त्या हसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र असते ते खोटे नाही. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, आणि वरचा सगळा पोशाख इतका नीटनेटका असताना पाय मात्र अनवाणी. जोडे हातात. दिवेलागणीला तो बोळाच्या तोंडाशी येऊन थांबायचा, घसा साफ करायचा आणि स्वतःच्याच घराकडे तोंड करून स्वतःच्याच येण्याची दवंडी पिटायचा. मग काहीच घडले नाही अशा गंभीरपणे चालत घरी जायचा. हे सगळे मी अनेकदा पाहिले आहे. चित्र खरे आहे. फक्त त्या चित्रात तो म्हातारा नाही.

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे सरकारी अधिकारी. कागदोपत्री त्यांचा हुद्दा लांबलचक आणि इंग्रजी होता. आमच्या कराड-वाळव्याकडच्या खेड्यांनी त्याचे 'दिपोटी' करून टाकले होते. ते स्वतः आष्ट्याजवळच्या एका शेतकरी घरातले, आणि त्या घरातून शाळेत गेलेले पहिलेच. आधी मास्तर झाले, मग मास्तरांना घाम फोडणारे दिपोटी झाले, आणि पेन्शन घेतल्यावर सांगलीत लहानसे घर बांधून राहिले. मी सांगलीच्या एका हायस्कुलात नवा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. त्यांचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. तो सांगून गेलेला नव्हता. एका सकाळी उठून निघून गेला होता. हे मला त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून, पहिल्याच आठवड्यात कळले. दिपोटींनी मात्र मुलाचा विषय कधी काढला नाही.

ते चालले की त्यांचे जोडे वाजत. नवे जोडे सगळ्यांचेच वाजतात, पण त्यांचे जुने झाले तरी वाजत. संध्याकाळी ते हरिपूरच्या रस्त्याने चिंचांच्या सावलीतून फिरून येत, उंबऱ्याशी जोडे काढत आणि टाचा भिंतीला लागतील असे ते सरळ मांडून ठेवत. माझ्या खोलीतून मला हे सगळे ऐकू येई. त्याआधी काकू शेजारणीशी मोठमोठ्याने बोलत असत. काकूंचे हसणे तर असे मोकळे, की दोन घरे पलीकडे कळावे. मग बोळात ती करकर उमटे, आणि घरातले बोलणे दिवा विझावा तसे विझे. शेजारीण मागच्या दाराने निघून जाई. काकू ताट मांडत आणि हळू आवाजात म्हणत, "पाणी ठेवलंय." हे मी रोज ऐकत होतो. तरुण होतो, कुटुंबांमध्ये हे असेच चालते, असे समजून मी माझी पुस्तके उघडत असे.

संक्रांतीला त्यांच्या घरी जायचे म्हटले की भल्याभल्यांना दुसरे काम आठवायचे. त्याचे कारण मला पहिल्याच वर्षी समजले. साखर रेशनवर होती, म्हणून काकू गुळाच्या वड्या करत. दिपोटी ताट घेऊन सोप्यावर बसत, येणाऱ्याच्या हातावर एक वडी ठेवत आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणत, "तिळगूळ घ्या. खरं बोला."

खरे बोलायचे ते त्यांच्याविषयी. एखादी तरी गोष्ट, जी आजवर त्यांना कोणी तोंडावर सांगितली नसेल. "गोड बोलणारे मला नोकरीत पोटभर मिळाले," ते म्हणत, "आता जरा तोंडाची चव बदलू द्या." आणि जो गोड बोले त्याच्यापुढे ते तळहात पसरत: "परत करा."

बोळातले वैद्यबुवा एकदा अतिशय भक्तिभावाने म्हणाले, "खरं सांगायचं तर आपण साक्षात देवमाणूस!"

दिपोटींचा हात पुढे आला. "ठेवा इथं."

"अहो, खाल्ला की मी तो."

"मग पुढच्या वर्षी दोन परत करा."

त्या वर्षी पूर्ण ओंजळभर तिळगूळ मिळाला तो एका गवळणीला. ती म्हैस घेऊन दारोदार जाई आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देई. वडी हातात घेऊन ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"रागं भरशीला."

"नाही भरणार."

"मंग सांगते. तुमी मानूस लय चांगलं हायसा. कवा दुधाला नावं ठेवली न्हाईत. पर तुमी दारात हुबं ऱ्हायलासा की माजी म्हस पान्हा चोरती. समद्या बोळात चोरत न्हाई. हितंच चोरती."

काकूंनी तोंडाला पदर लावला. दिपोटी उठले, दारात गेले आणि त्या म्हशीकडे, जणू ती एखादी साक्षीदार असावी, असे पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळी ते माजघरात जाऊन बसू लागले. दूध वाढले, असे काकू सांगत. त्यात विनोद किती आणि हिशेब किती, ते त्यांनाच ठाऊक.

माझी पाळी आली तेव्हा मी विचार करून, शब्द निवडून म्हणालो, "आपण शिस्तीचे आहात, पण अंतःकरण कोमल आहे."

"परत कर," ते म्हणाले. मी वडी परत केली. मग त्यांनी विचारले, "शाळेत तुला सगळे मवाळ म्हणतात, नाही?"

"हो," मी म्हणालो. त्या लौकिकाचा मला अभिमान होता. मी कोणावर आवाज चढवत नसे, कोणाला दुखवत नसे. स्वतःविषयीची माझी सगळी कल्पना त्या एका शब्दावर उभी होती.

"तू मवाळ नाहीस. तू सावध आहेस. मवाळ माणसाला दुसऱ्याला लागेल याची भीती असते, सावध माणसाला आपल्याला लागेल याची. बाहेरून दोघांचा आवाज सारखाच येतो."

मी नम्रपणे हसलो आणि खोलीत आलो. रागाने माझे कान तापले होते. पुढे काही दिवस मी दुसरी खोली शोधत हिंडलो. मात्र दिपोटींसमोर गेलो की तितक्याच नम्रपणे हसत राहिलो, आणि खोली का सोडतो आहे हे त्यांना कसे सांगायचे, या विचारानेच शेवटी ती सोडली नाही. ते माझ्याविषयी जे म्हणाले होते त्याचा पुरावा मी त्यांना रोज देत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे ते संध्याकाळी फिरायला जाताना मला बरोबर नेऊ लागले. लोकांकडून खरे ऐकण्याचा छंद त्यांना कधी लागला, हे त्यांनी हरिपूरच्या रस्त्यावरच मला सांगितले. ते बोलताना कधी पुस्तकी मराठीत बोलत, कधी मध्येच गावाकडच्या.

"मी पोराला कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "कुठल्याच शाळेत. मास्तरांच्या छड्यासुद्धा माझ्यासमोर कपाटात जायच्या. खिशात खडीसाखर असायची. पोरांना मी आवडतो अशी माझी पक्की समजूत होती. जाईन तिथं ती कशी शहाण्यासारखी बसायची! भिंती सारवलेल्या, फळा धुतलेला. मला वाटायचं, तालुका सुधारला."

मग पेन्शनीत गेल्यावर ते एका गावी लग्नाला गेले होते. मांडवात बसून कंटाळले म्हणून पाय मोकळे करायला निघाले, आणि त्यांच्याच जुन्या शाळांपैकी एकीच्या मागच्या भिंतीशी आले. आत हा गोंधळ चालला होता. कोणी पाढे ओरडत होते, कोणी कोंबड्यासारखे आरवत होते, आणि मास्तर स्वतः मोठ्याने हसत काहीतरी सांगत होते.

"मी भिंतीला टेकून उभा राहिलो. असं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, ही शाळा आपण बघितलीच नाही की. आणि खिडकीतनं मास्तरनी मला बघितलं. मी आता दिपोटी नव्हतो रे. लग्नाला आलेला पाव्हणा होतो. पण शाळा गप्प झाली. एका क्षणात. कोंबडासुद्धा." ते चालत राहिले. जोडे तेवढे वाजत होते. "तो आवाज मी जन्मभर ऐकला होता. मला वाटायचं, त्याला शिस्त म्हणतात."

त्या दिवशी काय झाले कोण जाणे. मीही सावधपणा विसरलो. मी त्यांना सांगितले की कराडजवळच्या आमच्या गावच्या शाळेत ते तपासणीला आले तेव्हा मी चौथीत होतो. मास्तरांनी आदल्या दिवशी आम्हाला शिकवून ठेवले होते: दिपोटींनी काहीही विचारले तरी सगळ्यांनी हात वर करायचा, उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मास्तर उजवा हात बघूनच पोराला उठवत.

दिपोटी जागच्या जागी थांबले. "सगळीकडे असंच?"

"आमच्या भागात तरी."

"तू कोणता वर केला होतास?"

"डावा."

ते चिंचेच्या एका मुळावर बसले आणि हसू लागले. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले, मग रुमालाच्या शेवाने डोळे पुसले आणि म्हणाले, "एवढाले हात वर असायचे माझ्यापुढं. मला वाटायचं, पीक आलंय." थोड्या वेळाने त्यांनी खिशातून खडीसाखरेचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "संक्रांत नसताना खरं बोललास. घे."

युद्ध संपले, आणि पुढच्या हिवाळ्यात मुलगा पलटणीतून मोकळा होऊन घरी येत असल्याची तार आली. संक्रांत तोंडावर होती. काकूंनी घर सारवायला काढले. दिपोटी आडवे आले.

"सारवायचं नाही."

"आवं, सणाचं दीस. इतक्या वर्सांनी पोरगं घरला यायचं, आन् सारवायचं न्हाई?"

"सारवलं की मला काही दिसत नाही."

"तुमाला दिसाया न्हाईच सारवत मी. त्येच्यासाटनं सारवतीया," काकू म्हणाल्या आणि त्यांनी शेणाची पाटी उचलली.

त्या संध्याकाळी फिरताना दिपोटींनी प्रथमच मुलाचा विषय काढला. मुलाला पुण्याच्या एका मोटारीच्या कारखान्यात काम मिळण्यासारखे होते. संक्रांत झाली की तो तिकडे जाणार होता. त्याने सांगलीतच राहावे, मागची खोली घ्यावी, संसार थाटावा, असे दिपोटींना फार वाटत होते. खोली त्यांनी स्वतःच्या हाताने झाडून ठेवली होती.

"मग राहा म्हणून सांगा," मी म्हणालो.

"मी म्हटलं की ती आज्ञा होईल. तो 'बरं' म्हणेल आणि एका सकाळी पुन्हा निघून जाईल. मला आधी कळलं पाहिजे, तो का गेला ते. मी त्याला कधी मारलं नाही. टाकून बोललो नाही. फी वेळेवर भरली. मग का गेला?" ते थांबले. "तू आमच्या भिंतीपलीकडे राहतोस. तुला काय वाटतं, तो काय म्हणेल?"

मला माहीत होते. रोज संध्याकाळी मी ते ऐकत होतो. पण मी म्हणालो, "मुलाला बापाविषयी माया असतेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "संक्रांत अजून यायची आहे. आत्तापासून गोड नको," एवढेच म्हणाले आणि चालू लागले.

मुलगा आला तो हवालदार होऊन. रुंद छातीचा, भरघोस मिशांचा, पहिल्याच संध्याकाळी सगळ्या बोळाशी गप्पा मारणारा. स्वयंपाकघरात आईच्या पाठीमागे बसून तो पलटणीतल्या गोष्टी सांगे आणि काकू हसून हसून भाकरी करपवत. मग बोळात करकर होई, आणि तो दणकट माणूस गप्प होऊन उठून उभा राही. हात विजारीच्या शिवणीला लावून. मला वाटते, आपण असे उभे राहतो हे त्यालाही कळत नसावे.

संक्रांतीच्या सकाळी काकूंनी मलाही आत बोलावले. दिपोटींनी मुलाच्या हातावर वडी ठेवली.

"तिळगूळ घे. खरं बोल."

"ऱ्हाऊ द्या की आबा. सणाचं कशाला?"

"सणाचंच. बोल."

मुलाने आईकडे पाहिले, मग हातातल्या वडीकडे. बोलताना तो वडीकडेच बघत होता.

"तुमी कवा मारलं न्हाई, आबा. कवा वरडला न्हाई. ह्ये खरंच हाय. लढाईवर सांजच्याला समदी गडी घरच्या आठवणी काढायची. कुनी म्हनायचं, माजा बा असा झोडपायचा. कुनी म्हनायचं, बानं जत्रंत खांद्यावर घेतलं. माजी पाळी आली की मला काय सुदरायचं न्हाई. मला तुमचं जोडं आठवायचं. बास. साळंतनं आलो की मी आदी उंबऱ्यापाशी बघायचो. जोडं न्हाई दिसलं की आत पळत जायचो. दिसलं की पाय न वाजवता. येवडंच." तो थांबला. "तुमचं तोंड आठवाया गेलो तर आठवंना, आबा. मी कवा वर बगितलंच नव्हतं."

मग त्याने वर पाहिले. वडी तोंडात घातली, वाकून बापाच्या पाया पडला आणि "नदीवर जाऊन येतो" म्हणून बाहेर गेला. काकू ताट घेऊन आत गेल्या. मी जाण्यासाठी उठलो, पण दिपोटींचे माझ्याकडे लक्ष नव्हते. ते उंबऱ्याशी गेले होते आणि भिंतीला टाचा लावून ठेवलेल्या स्वतःच्या जोड्यांकडे बघत होते. एखाद्या परक्याने ते तिथे विसरून जावे, तसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आडावर पाणी काढायला मागच्या परसात गेलो, तर दिपोटी धुण्याच्या दगडावर बसलेले. पाय अनवाणी, जोडे शेजारी ठेवलेले. फिरून आल्यावर ते मागच्या बाजूने चोरपावलांनी आले होते. स्वयंपाकघरात मुलगा पलटणीतल्या आचाऱ्याची नक्कल करत होता आणि काकूंचे ते मोकळे हसणे परसात येत होते. दिपोटींनी ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले ते मी पाहिले नव्हते. ते मला त्या दिवशी दिसले.

तेवढ्यात काकू खरकटे पाणी टाकायला बाहेर आल्या आणि दचकून ओरडल्या, "अगं बया!" आतले हसणे तुटले.

"आवं, ह्ये काय? चोरावानी हितं काय बसलाय?"

"तुमचं चालू द्या. मी ऐकतोय."

"ऐकतोय म्हनं! आदी जोडं वाजायचं तवा कळायचं तरी. आता कवा येऊन बसशीला ते बी कळायचं न्हाई. मंग काय दिसभर गपच बसायचं व्हय आमी?"

दिपोटी एखाद्या चुकलेल्या पोरासारखे उभे राहिले. जोडे घालावेत की हातात घ्यावेत, हे त्यांना सुचेना. माणसाने स्वतःची एक सवय मोठ्या कष्टाने बदलावी आणि ती बदलल्यामुळेच घरच्यांची भीती वाढावी, याहून केविलवाणे काय असेल? मुलगा दारात येऊन बापाकडे बघत होता. हळूहळू त्याच्या मिशीत हसू फुटले.

"आबा, मास्तर लोकं वेशीवर राखण बसवायची न्हवं का? दिपोटी आलं म्हनून वरडाया? तसं वरडत येत जावा. म्हंजी ज्येला गप बसायचं त्यो बसंल."

तो टोमणा होता, थट्टा होती, की निरोप, हे मला आजही सांगता येणार नाही. दिपोटींनी मान हलवली आणि जोडे उचलून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बोळाच्या तोंडाशी एक आवाज उठला. आयुष्यात कधी न चढवलेला, चिरका, बेसूर आवाज: "दिपोटी आले! दिपोटी आले हो!"

बोळातली दारे उघडली. काकू हातात पळी घेऊन बाहेर आल्या. दिपोटी रस्त्याच्या मधून, जोडे हातात धरून, अनवाणी चालत येत होते, आणि त्यांच्या मुद्रेवर तपासणीला निघालेल्या अधिकाऱ्याचेच गांभीर्य होते. मुलगा सोप्याच्या खांबाला धरून हसत होता. काकूंनी पदर तोंडात कोंबला, पण व्हायचे ते झालेच. दिपोटी उंबऱ्यापाशी आले. कोणी गप्प झाले नाही. कोणी उठून उभे राहिले नाही. ते आत गेले, आणि मला वाटते, त्या घरात ते पहिल्यांदाच गेले.

मुलगा राहिला नाही. पुण्याची नोकरी होती, जायला हवे होते. दिपोटींनी 'राहा' म्हटले नाही. निघताना तो म्हणाला, "येतो आबा. आलो की मी बी वरडंन." पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला बसलो होतो, आणि बोळाच्या तोंडाशी एक भरदार आवाज घुमला: "हवालदार आले!" दिपोटी ताटावरून उठले आणि हात न धुताच बाहेर धावले. पुढे प्रत्येक सणाला ते दोघे असेच येत राहिले, एक अनवाणी, एक बुटांसकट. बोळाने एकमताने ठरवून टाकले की पेन्शनीत दिपोटींच्या डोक्यावर परिणाम झाला आणि पोरगाही बापाच्या वळणावर गेला.

एकदा मी त्यांना म्हणालो, "लोक हसतात."

"हसू देत," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी दिसलो की गप्प व्हायचे."

स्वातंत्र्यानंतर लवकरच मला साताऱ्याच्या शाळेत जागा मिळाली आणि मी सांगली सोडली. ते गेले हे मला उशिरा कळले. भेटायला गेलो तेव्हा काकू उंबऱ्यातच बसल्या होत्या. "अजून सांज झाली की कान बोळाच्या तोंडाकडं जातोय," त्या म्हणाल्या.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. अजिंक्यताऱ्याखालच्या एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. मवाळ हा माझा लौकिक साताऱ्यातही कायम राहिला. निरोपसमारंभांत माझ्याविषयी बोलताना लोक तो शब्द वापरतात आणि मी खाली बघतो. माझ्या शाळेत, माझ्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. याचे श्रेय मी स्वतःकडे घेत आलो. दिपोटींचे ते वाक्य मात्र पायात राहिलेल्या काट्याच्या टोकासारखे अधूनमधून दुखत असे.

यंदा संक्रांतीला आमची मुलगी सासरहून आली होती. तिच्या हातावर तिळगूळ ठेवताना मी कसा कोण जाणे म्हणून गेलो, "खरं बोल."

तिने माझ्याकडे पाहिले, क्षणभर थांबली, शब्द निवडले. "बाबा, तुम्ही फार मवाळ आहात."

ते थांबणे माझ्या ओळखीचे होते. ते निवडणेही. मी तळहात पुढे केला आणि म्हणालो, "परत कर."

तिला वाटले, मी थट्टा करतो आहे. मग तिने माझा चेहरा पाहिला, वडी माझ्या हातावर ठेवली आणि खिडकीकडे वळली.

"तुम्ही कधीतरी ओरडायला हवं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांचे बाबा ओरडायचे. ओरडून झालं की संपायचं. तुमचा आवाज खाली खाली जायचा. जितका खाली जाईल तितकं आम्हाला समजायचं, की आता काहीतरी चुकलंय. काय चुकलं, ते तुम्ही कधी सांगितलं नाही. आई अजून तुमचा आवाज उतरला की गॅस बारीक करते. ऐकू यावं म्हणून."

मला उत्तर द्यायचे होते. शब्द तयारही होते. समजुतीचे, तोलून काढलेले. पण ते कोणत्या आवाजात बाहेर पडणार आहेत, हे मला बोलण्याआधीच ऐकू आले. मी ते गिळले. वडी पुन्हा तिच्या हातावर ठेवली, स्वयंपाकघराकडे तोंड केले, आणि घसा साफ करून, जमेल तितक्या मोठ्याने ओरडलो, "अगं, ऐकलंस का, आपली मुलगी काय म्हणतेय ते?"

आवाज चिरकला. आत भांडे पडले. हात पुसत पत्नी दारात आली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघू लागली.

"ओरडताय कशाला एवढं?" ती म्हणाली. "ऐकू येतंय की."

आधी मुलगी हसली. मग तिची आई. मी तिथेच उभा होतो, आणि त्या थांबल्या नाहीत.